गावाकडच्या कुत्र्यांचे काम भाद्रपदाच्या आधी हवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मोकाट कुत्र्यांवर सध्या होणारी चर्चा जवळजवळ सगळी शहरांची आहे. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ रोजी दिल्ली परिसराबाबतचा आपलाच आधीचा आदेश बदलला. निर्बीजीकरण आणि लसीकरण झालेली कुत्री मूळ जागी सोडावीत, पिसाळलेली आणि आक्रमक कुत्री सोडू नयेत, असे सांगून प्रकरणाची व्याप्ती देशभर नेली. ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशाने शाळा, रुग्णालये, क्रीडासंकुले, बस आणि रेल्वे स्थानके यांच्या आवारातून कुत्री हलवायला सांगितली. त्यावर वाद झडले ते सोसायट्यांचे आणि पदपथांचे. ज्या मेंढपाळाच्या वाड्यात एका रात्रीत दहा-पंधरा मेंढ्या फाडलेल्या सापडतात, किंवा ज्या वस्तीवरच्या पोरांना शाळेच्या वाटेवर ओढ्याकाठची टोळी आडवी येते, त्यांनी काय करायचे हे कुणी सांगत नाही. २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात पावणेतेरा लाखांच्या आसपास मोकाट कुत्री नोंदली गेली. ग्रामीण भागात पशुवैद्यकीय काम करणारे आम्ही काही जण हे पत्र लिहीत आहोत, ते ग्रामपंचायत आणि पंचायत समितीच्या पातळीवर नेमके काय करता येते आणि केलेले काम कुठे वाया जाते, हे मांडण्यासाठी.

पहिली गोष्ट, मेंढरू कुणी मारले हे आधी नीट ओळखले पाहिजे. बिबट्या बहुधा गळा धरतो, एकच जनावर मारतो आणि जमले तर उचलून आडोशाला नेतो. नरड्यावर सुळ्यांच्या खोल, ठळक खुणा असतात. लांडगाही सहसा गरजेपुरते मारून जनावर ओढून नेतो. कुत्र्यांचे तसे नसते. मागच्या मांड्या, शेपटी, कान, पोट असे मिळेल तिथे चावे, अनेक मेंढ्या अर्धमेल्या, आणि खाल्लेले अगदी थोडे. पोटभर खाणारे कुत्रे पाठलागाच्या भरात मारते, भुकेसाठी नव्हे. म्हणूनच ‘घरी भाकरी घातली की कुत्रे मेंढरांना शिवत नाही’ हा समज खोटा आहे. सकाळी चिखलात उमटलेले ठसेही बघावेत. बिबट्याच्या ठशात नखे दिसत नाहीत, कुत्र्याच्या ठशात दिसतात. लांडग्याचा आणि मोठ्या कुत्र्याचा ठसा मात्र एकमेकांसारखा असतो, त्यामुळे नुसत्या ठशावरून लांडग्याला दोष देऊ नये.

कोळसून म्हणजे खरा रानकुत्रा. त्याचे नाव तर यात विनाकारण गोवले जाते. ताडोबा, मेळघाट, नवेगाव-नागझिरा, कोयना-चांदोली, तिळारी अशा जंगलांत राहणारा हा प्राणी तांबूस रंगाचा, काळ्या झुपकेदार शेपटीचा असतो, भुंकत नाही, शिट्टीसारखा आवाज काढतो आणि माणसापासून लांब राहतो. वन्यजीव संरक्षण कायद्याचे त्याला कवच आहे. गावाजवळ भुंकणारी, रंगीबेरंगी, कान पडलेली टोळी दिसली तर ती गावातलीच कुत्री आहेत, हे नक्की समजावे.

भरपाईचा प्रश्नही इथेच अडतो. वन विभागाची भरपाई वन्यप्राण्याने केलेल्या हानीसाठी आहे, कुत्र्याने मारलेल्या मेंढीसाठी नाही. त्यामुळे खरे सांगणाऱ्याच्या हाती काही पडत नाही आणि लांडग्याच्या नावावर खोटी नोंद चढते. जिल्हा परिषदांनी आपल्या सेस फंडातून म्हणजे स्वतःच्या उत्पन्नाच्या निधीतून, पशुवैद्यकाच्या पंचनाम्यावर, कुत्र्याने मारलेल्या शेळ्या-मेंढ्यांची भरपाई सुरू करावी. खर्च फार नाही. शिवाय हल्ले कुठे होतात याची खरी नोंद त्यातूनच हाती येईल, आणि पुढच्या सगळ्या कामाची दिशा त्या नोंदीवर ठरते.

आता ही कुत्री कुणाची? गावातली बहुतेक ‘मोकाट’ कुत्री कुणाच्या ना कुणाच्या दारात भाकरी खाणारी असतात. दिवसा अंगणात, रात्री शिवारात. अंधार पडला की चार-सहा घरची कुत्री एकत्र येतात आणि टोळी बनते. यावरचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे दिवेलागणीपासून उजाडेपर्यंत कुत्रे बांधणे. ग्रामसभेने ठराव करावा, प्रत्येक पाळीव कुत्र्याची नोंद वहीत घ्यावी, गळ्यात रंगीत पट्टा आणि रेबीज लसीची तारीख असावी. साखळी किमान दहा-बारा फूट हवी. तीन फुटी दोरीला दिवसरात्र बांधलेले कुत्रे चिडके होते आणि सुटले की पहिल्यांदा चावते. मेंढपाळांच्या राखणीच्या कुत्र्यांना हा ठराव लागू करू नये. ती कळपाजवळच राहतात आणि त्यांचे काम वेगळे आहे.

दुसरा गट बुजऱ्या कुत्र्यांचा. ती मढं टाकण्याच्या जागेवर, कोंबडीच्या शेडमागे, उसाच्या फडात राहतात, माणसाला पन्नास पावलांवरूनच टाळतात, त्यांची पिल्लेही तशीच वाढतात. मेंढरांवरचे मोठे हल्ले पुष्कळदा यांचे असतात, आणि नेमकी हीच कुत्री कुत्रे पकडणाऱ्या गाडीत कधी येत नाहीत.

या गटाचे पोट भरते ते उघड्यावर टाकलेल्या मढ्यांवर. गिधाडे होती तोवर बैलाचे मढे काही तासांत साफ व्हायचे. जनावरांना दिलेल्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधामुळे नव्वदच्या दशकात गिधाडे कोसळली. २००६ साली त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली, पण तोवर मढ्यावरची जागा कुत्र्यांनी घेतली होती. त्यामुळे मढ्याची विल्हेवाट हे कुत्र्यांच्या बंदोबस्ताचे निम्मे काम आहे असे आमचे मत आहे. म्हैस-बैलासाठी खड्डा साधारण आठ फूट लांब, सहा फूट रुंद आणि सात ते आठ फूट खोल लागतो. मढ्यावर चुना टाकून किमान तीन फूट माती, आणि त्यावर बाभळीचे काटे किंवा जड दगड. माती दोन फुटांपेक्षा कमी पडली की कुत्री रात्रीत उकरतात. पोट फुगून माती वर येते, म्हणून आठवड्याने पुन्हा भर घालावी. विहीर आणि ओढ्यापासून शंभर मीटर तरी अंतर असावे. शेतकऱ्याला एकट्याला हे परवडत नाही, जेसीबीचा तासाचा दर तो कुठून देणार? ग्रामपंचायतीने गायरानात जागा ठरवून द्यावी आणि यंत्राचा खर्च उचलावा. वित्त आयोगाच्या बंधित निधीत स्वच्छता हा विषय आहेच.

कोंबडीच्या शेडची मर हा दुसरा, वाढत जाणारा स्रोत. पाच हजार पक्ष्यांच्या शेडमध्ये चार टक्के मर धरली तरी एका बॅचला दोनशे पक्षी होतात, आणि ते ओढ्यात फेकले जातात. यावर दोन सोपे उपाय आहेत. जमिनीतले पाणी खोल असलेल्या जागी तीन फूट व्यासाच्या सिमेंटच्या रिंगा उतरवून दहा फुटांचा खड्डा करावा, वर स्लॅब आणि त्यात घट्ट झाकणाचे लहान तोंड. किंवा तीन बाजूंनी भिंत आणि पुढे फळ्या असलेल्या हौदात खत करावे. तळाला फूटभर जुने लिटर म्हणजे शेडमधले तूस, त्यावर पक्ष्यांचा एकच थर, भिंतीपासून सहा इंच सोडून, वर पुन्हा सहा ते आठ इंच लिटर आणि हलका पाण्याचा शिडकावा. आत पंचावन्न-साठ अंशांपर्यंत उष्णता चढली की वास राहत नाही. चुकते ते इतकेच, की घाईत पक्ष्यांचे दोन-तीन थर एकावर एक टाकले जातात. मग आत हवा खेळत नाही, सडका वास सुटतो आणि कुत्री फळ्या उचकटतात. चिकनच्या दुकानांची आतडी-पिसे पुलावरून खाली टाकणे ग्रामपंचायतीने दंड लावून थांबवलेच पाहिजे.

एक सावधगिरी मात्र हवी. मढ्याची जागा एका दिवसात बंद केली आणि दुसरे काहीच केले नाही, तर उपाशी टोळी पुढचे काही आठवडे मेंढवाड्यांकडे वळते. जागा बंद करणे आणि तिथली कुत्री पकडणे एकाच पंधरवड्यात व्हावे. भुकेली कुत्री पिंजऱ्यातही लवकर येतात.

बिबट्याचा संबंधही इथे आहे. अकोले तालुक्यात बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास झाला, तेव्हा त्याच्या आहारातला वजनाने सर्वांत मोठा वाटा, सुमारे ३९ टक्के, पाळीव आणि मोकाट कुत्र्यांचा निघाला. जुन्नर, अकोले, संगमनेर पट्ट्यात वस्तीजवळ बिबट्या येतो अशी ओरड असते, आणि त्याच वस्तीच्या उकिरड्यावर वीस कुत्री पोसली जात असतात. या दोन गोष्टी वेगवेगळ्या करून बघता येत नाहीत. माळरानावर तर कुत्री काळवीट-चिंकाऱ्यांच्या मागे लागतात, आणि पुण्याजवळच्या माळावर लांडगा-कुत्रा संकर झाल्याचे जनुकीय तपासणीतून २०२३ मध्ये सिद्ध झाले आहे.

निर्बीजीकरणाबद्दल लोक आमच्याकडे चिडून बोलतात, ‘काही उपयोग होत नाही’ म्हणतात. अर्धवट केले तर खरोखरच होत नाही. कुत्रीचा गर्भकाळ सुमारे दोन महिन्यांचा, एका वेताला चार-सहा पिल्ले. आपल्याकडे माजाचा मोठा हंगाम भाद्रपदाच्या आसपास येतो हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे, आणि पिल्ले कार्तिक-मार्गशीर्षात दिसतात. म्हणजे शस्त्रक्रिया फाल्गुनापासून श्रावणापर्यंत उरकायला हव्यात. प्रत्यक्षात निविदा निघते दिवाळीनंतर आणि गाडी येते जानेवारीत, तेव्हा कुत्र्या ओल्या असतात, पिल्लांना पाजत असतात. तशा कुत्र्या उचलल्या तर पिल्ले मरतात. नाही उचलल्या तर वर्ष गेले.

किती कुत्री आहेत हे आधी मोजावे लागते, अंदाजाने चालत नाही. पद्धत सोपी आहे. पहिल्या दिवशी पहाटे साडेपाच ते साडेसात गावातल्या ठरलेल्या वाटांवरून फिरून जी कुत्री दिसतील त्यांच्यावर लांबून जनावरांच्या खुणेचा रंग मारावा किंवा फोटो घ्यावेत. समजा चाळीस झाली. दुसऱ्या पहाटे त्याच वाटांवर पन्नास दिसली, त्यातली पंचवीस रंगाची. मग चाळीस गुणिले पन्नास भागिले पंचवीस, म्हणजे गावात सुमारे ऐंशी कुत्री. मढ्याच्या जागेवर आणि शेडमागे वेगळी मोजणी करावी, नाहीतर बुजरी कुत्री हिशेबातच येत नाहीत.

एकेका गावाने हे काम करून भागत नाही, शेजारच्या गावातली कुत्री आत येतात. दहा-बारा गावांचा गट धरावा. ऐंशीच्या हिशेबाने बारा गावांत ९६० कुत्री, त्यांतल्या सत्तर टक्क्यांची शस्त्रक्रिया करायची म्हणजे ६७२. एक शल्यचिकित्सक नीट काम करून दिवसाला बारा शस्त्रक्रिया करतो, म्हणजे छप्पन्न कामाचे दिवस. शस्त्रक्रियेआधी एक दिवस उपाशी ठेवायला आणि नंतर किमान चार दिवस जखम भरायला, म्हणजे कुत्र्यामागे पाच दिवस धरले तर साठ पिंजरे हवेत. बहुतेक ठिकाणी डॉक्टर असतो, पिंजरे पंधरा असतात. मग दोन दिवसांत कुत्रे सोडले जाते, टाके तुटतात, आतडे बाहेर येते, आणि गावाचा विश्वास कायमचा उडतो. निविदेत पिंजऱ्यांची संख्या आधी पाहावी, शस्त्रक्रियांची नंतर.

दुसरी चूक पैसे देण्याच्या पद्धतीत आहे. दर कुत्र्यामागे ठरावीक रक्कम दिली की ठेकेदार हाताला सहज येणारी, बिस्किटावर येणारी कुत्री आणि बरेचसे नर उचलतो. आकडा भरतो, पण माद्या आणि बुजरी कुत्री राहतात. पिल्लांची संख्या माद्यांवर ठरते, नरांची दहापैकी नऊ शस्त्रक्रिया झाली तरी उरलेला एक पुरतो. म्हणून शेवटचा हप्ता गावातल्या माद्यांपैकी सत्तर टक्क्यांच्या कानाला खाच, म्हणजे शस्त्रक्रिया झाल्याची खूण, दिसल्यावरच द्यावा, आणि ती मोजणी ग्रामपंचायतीने दुसऱ्याकडून करून घ्यावी. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार हे काम भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची मान्यता असलेल्या संस्थेकडूनच करून घ्यायचे असते. स्वस्तात करून देतो म्हणणाऱ्या कुणालाही देऊ नये.

बुजऱ्या कुत्र्यांसाठी जाळीवाला उपयोगी नाही, पिंजरा हवा. चार-सव्वाचार फूट लांबीचा, आत पाय पडला की दार खाली येणारा. तीन-चार रात्री दार दोरीने बांधून उघडेच ठेवावे आणि आत कोंबडीची आतडी ठेवावीत. कुत्री निर्धास्त आत जाऊ लागली की मगच दार मोकळे करावे. पहिल्याच रात्री दार पाडले तर एक कुत्रे सापडते आणि उरलेली टोळी महिनाभर पिंजऱ्याकडे फिरकत नाही. पिंजऱ्यावर गोणपाट टाकावे, आणि उन्हाच्या आधी, सातच्या आत, तो उचलावा. ज्या कुत्र्याने माणसावर विनाकारण हल्ले केले आहेत किंवा ज्याच्यावर पिसाळल्याचा संशय आहे ते परत सोडू नये, वेगळे ठेवावे.

लसीकरण मात्र निर्बीजीकरणाची वाट पाहत थांबवू नये. गावातल्या सत्तर टक्के कुत्र्यांना वर्षातून एकदा रेबीजची लस मिळाली तर रोगाची साखळी तुटते. याला पिंजरे लागत नाहीत. तीन-चार जणांची टोळी, हातजाळ्या, बर्फाच्या डब्यात दोन ते आठ अंशांत ठेवलेली लस आणि रंगाची कांडी एवढ्यावर एक गाव एका सकाळी होते. शेजारच्या गोव्याने दरवर्षी घरोघर आणि रस्तोरस्ती फिरून असे लसीकरण चालवले आणि २०२१ मध्ये तो रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाला. आपल्या सिंधुदुर्गाच्या हद्दीला लागून हे घडते आहे, आपल्या जिल्हा परिषदांनी तिथे माणसे पाठवून शिकून यावे.

विष घालणे हा गुन्हा आहे, आणि त्याने काम होतही नाही. थिमेट हे कीटकनाशक लावलेले मढे खाऊन कोल्हे, तरस, घारी, राखणीची कुत्री मरतात. टोळीतली हुशार कुत्री वाचतात आणि मोकळ्या झालेल्या जागेत बाहेरची येतात. शहरातली कुत्री गाडीत भरून घाटात किंवा गायरानात सोडण्याचे प्रकार होतात तेही बेकायदा आहेत. अशी गाडी दिसली तर क्रमांकासह पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्यावी. अनोळखी मुलखात सोडलेले, उपाशी, लसीचा पत्ता नसलेले कुत्रे गावाला सर्वांत धोकादायक.

मेंढवाडा नीट असेल तर निम्मे हल्ले तिथेच थांबतात. मेंढपाळाची नुसती वाघर, म्हणजे कळपाभोवती लावायचे जाळे, कमरेएवढी असते, कुत्री वरून उडी मारतात. कायमच्या वाड्याला सहा फुटी जाळी हवी आणि तिचा खालचा फूटभर भाग बाहेरच्या बाजूला जमिनीवर वाकवून त्यावर दगड ठेवावेत, कारण कुत्री जाळीच्या मुळाशीच उकरतात. लहान करडे-कोकरे डालग्याखाली ठेवावीत. नुसत्या दिव्याला कुत्री भीत नाहीत. हल्ल्यात सापडलेल्या मेंढीची लोकर कातरून बघावी. वरून सुळ्याचे लहानसे भोक दिसते, पण कातडीखाली मांस ठेचलेले असते, आणि न तपासलेली मेंढी तिसऱ्या दिवशी सडून मरते. गाभण मेंढ्या नुसत्या पाठलागानेही गाभडतात, त्यांची नोंद पंचनाम्यात घ्यायला सांगावे.

शेवटी चाव्याबद्दल, कारण इथे जीव जातो. जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण पंधरा मिनिटे धुवावी. हळद, मिरची, चुना, तेल काही लावू नये, शक्यतो टाके घालू देऊ नयेत. त्याच दिवशी लस घ्यावी. कातडीत देण्याच्या पद्धतीत ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. रक्त आले असेल तर जखमेत आणि तिच्याभोवती रेबीजविरोधी सिरम टोचावे लागते. लस प्राथमिक आरोग्य केंद्रात असते, सिरम अनेकदा तिथे नसते. पहिल्या लसीपासून सात दिवसांच्या आतच सिरम देता येते, म्हणून ‘पुढच्या आठवड्यात या’ हे उत्तर मान्य करू नये. चावलेले कुत्रे मारू नका, दहा दिवस बांधून नजरेखाली ठेवा, पण लस त्यासाठी थांबवू नका. गाई-म्हशीला चावले असेल तर तिलाही ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी लस द्यावी लागते. म्हैस घोगऱ्या आवाजात हंबरू लागली, लाळ गळू लागली आणि गिळता येईना, तर घशात काही अडकले असेल म्हणून तोंडात हात घालू नका. पिसाळलेल्या जनावराची हीच लक्षणे आहेत, आणि अशा हातांना नंतर लस घ्यावी लागते. प्रत्येक तालुक्यात सिरम कोणत्या सरकारी रुग्णालयात चोवीस तास मिळते, हे प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर दूरध्वनी क्रमांकासह लिहिलेले असावे. ही माहिती आरोग्य विभागाने जिल्हानिहाय द्यावी आणि आपल्या दैनिकाने ती छापावी, अशी आमची विनंती आहे.

आपले,
ग्रामीण भागात काम करणारे काही पशुवैद्यक